नसलेल्या सापाची गोष्ट

सुरुवात घशापासून झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते आणि घसा बसला तर दोन गुळण्या करून वर्गावर जायचं, एवढाच माझा शिरस्ता होता. त्या खेपेला मात्र ताप चढला. थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. आठवडाभरात ते सगळं ओसरलं, मी पुन्हा फळ्यापाशी उभी राहिले आणि विसरूनही गेले. पंधरा-वीस दिवसांनी अंघोळ करताना पोटावर आणि मांड्यांवर लाल ठिपके दिसले. लाल शाईचं पेन झटकल्यावर वहीवर शिंतोडे उडतात ना, तसे. फारसे खाजत नव्हते. दोन-तीन महिन्यांत आपोआप फिके पडले आणि गेले. घशाचा आणि या ठिपक्यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा स्वप्नातही आलं नाही.

वर्षभराने उजव्या कोपरावर नाण्याएवढा चट्टा आला. कडा स्पष्ट, आतला भाग लाल आणि वर अभ्रकासारखे चमकणारे पापुद्रे. मी स्वतःच निदान केलं, गजकर्ण. तो सोरायसिस नावाचा आजार होता, हे कळायला बराच काळ जायचा होता. बुरशीचं मलम आणून दोन महिने इमानेइतबारे लावलं. चट्टा नाण्याचा तळहाताएवढा झाला. मग डावं कोपर, मग गुडघे, मग केसांच्या मुळाशी, कानामागे. गडद रंगाचे कपडे घातले की खांद्यावर पांढरा चुरा दिसायचा. पहिल्या बाकावरची एक मुलगी फार प्रेमाने म्हणायची, "बाई, खडू लागलाय." मी झटकायचे आणि "हो गं, खडूच" म्हणायचे. पेशाने वाचवलं म्हणायचं.

आईने चट्टा पाहिला आणि म्हणाली, "तुझ्या आत्यालाही असंच होतं." आत्या कडक उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची, हे लहानपणापासून पाहत होते. ती तिची आवड असेल असं वाटायचं. चाळीस वर्षं तिने ते बाह्यांखाली झाकलं आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

आता खरा मुद्दा. माझे कोपर ज्याने ज्याने पाहिले, त्या प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं: "तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय." शेजारीण, सहशिक्षक, दूरचे काका, औषधाच्या दुकानातला माणूसही. इतक्या लोकांचं एकमत झालं की आपल्यालाही ते खरं वाटू लागतं. मग शक्ती वाढवायची मोहीम सुरू झाली. चूर्ण, काढा, रंगीत डब्यातल्या गोळ्या, सकाळी उपाशीपोटी घ्यायचं एक कडूजहर काहीतरी. त्यातल्या एका डब्यावर ढाल घेतलेल्या माणसाचं चित्र होतं. दोन वर्षं मी त्या ढालवाल्याला पोसलं. माझ्या शरीरात त्याची गरज होती की नव्हती, हे विचारायचं सुचलं नाही.

मधल्या काळात एक अपघात करून घेतला. खाज वाढली म्हणून एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी "ॲलर्जी आहे" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. आठ दिवसांत जादू झाली. कोपर गुळगुळीत, डोकं साफ. मी आनंदाने गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी पूर्वी जिथे कधी काही नव्हतं तिथेही, पाठीवर, पोटावर, पावलांवर चट्टे फुटले. अंगाला आतून शेक लागल्यासारखं वाटायचं, चादरीवर सकाळी मूठभर खपल्या पडलेल्या असायच्या. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या. सोरायसिसमध्ये पोटातून स्टेरॉइड घेऊन ती सोडली की आजार असा उसळी मारून येऊ शकतो, कधी अंगभर पूचे फोडही येतात, हे नंतर कळलं.

मग त्वचारोगतज्ज्ञ गाठल्या. मध्यमवयीन बाई, बोलणं कमी, नजर बारीक. त्यांनी आधी माझी नखं पाहिली, ज्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. अंगठ्याच्या नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मग त्यांनी कोपरावरचा एक पापुद्रा हळूच खरवडला. खाली एक पातळ ओलसर पडदा दिसला आणि तोही निघाल्यावर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब उमटले.

"घसा कधी जोरात धरला होता का, हे सगळं सुरू व्हायच्या आधी?"

मी चकित. घशाचं यांना कसं कळलं?

"आणि हे काय?" त्यांनी माझ्या पोटरीकडे बोट दाखवलं. तिथे सहा इंच लांब, सरळ रेषेत चट्टा होता. काही महिन्यांपूर्वी कुंपणाच्या तारेने ओरखडा निघाला होता. ओरखडा भरून आला आणि दोनेक आठवड्यांनी नेमका त्याच रेषेवर चट्टा उमटला होता. याला कोबनर म्हणतात, त्या म्हणाल्या. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी हे नोंदवलं. त्यांच्या एका रुग्णाला घोडा चावला होता आणि चाव्याच्या जागी सोरायसिस आला होता. कातडीला इजा झाली की आजार तिथे मुक्कामाला येतो.

मी माझा ढालवाला डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "हे चालू ठेवू ना? प्रतिकारशक्ती वाढवायला?"

त्या पहिल्यांदाच हसल्या. "वाढवायची कशाला? तुमची आहे तीच जरा जास्त तत्पर आहे."

निदान त्यांच्या मते जवळजवळ पक्कं होतं, पण आधीच्या गोळ्यांनी चित्र बिघडलं होतं म्हणून बायोप्सी करू म्हणाल्या. कोपराजवळ बधिर करणारं इंजेक्शन, मग पेन्सिलीएवढ्या गोल पात्याने चार मिलिमीटरचा तुकडा, एक टाका. दहा मिनिटांचं काम. मला खरी उत्सुकता त्या तुकड्याचं पुढे काय होतं याची होती. ते हॉस्पिटल शिकवणारं होतं, शिवाय मी गणिताची शिक्षिका आहे हे कळल्यावर पॅथॉलॉजीचे एक तरुण डॉक्टर उत्साहात आले. टाका काढायला गेले त्या दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. त्याला दोन माणसांनी एकदम पाहायची सोय होती.

गुलाबी आणि जांभळं. पहिल्यांदा एवढंच दिसलं. मग त्यांनी आतला हिरवा बाण हलवत दाखवायला सुरुवात केली.

"हा सगळ्यात वरचा थर. निरोगी कातडीत इथल्या पेशी मेलेल्या असतात, त्यांच्यात केंद्रक नसतं. नुसती रिकामी टरफलं. तुमच्यात बघा." टरफलांत चपटे जांभळे ठिपके होते. पेशी तळाच्या थरात जन्मते, हळूहळू वर सरकते, वाटेत पक्व होते, केंद्रक टाकते, शेवटी गळून पडते. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तोच प्रवास तीन ते सात दिवसांत उरकतो. केंद्रक टाकायलाही उसंत मिळत नाही. पेशी कच्चीच वर पोचते, शेजारणीला धरून राहते आणि त्या चिकटलेल्या कच्च्या पेशींचा थर म्हणजे माझ्या खांद्यावरचा खडू.

बाण खाली सरकला. कातडीचा वरचा थर जिथे खालच्या थरात घुसतो तिथे एरवी हलक्या लाटा असतात. माझ्या तुकड्यात त्या लाटांच्या जागी कंगव्याचे दात होते, लांब, जवळजवळ एकाच मापाचे. दोन दातांमधून रक्तवाहिन्या वर चढलेल्या, फुगलेल्या, पिळवटलेल्या, आणि त्यांच्या माथ्यावर कातडीचा पापुद्रा अगदी विरळ. खरवडल्यावर टाचणीच्या टोकाएवढं रक्त का येतं, ते कुणी न सांगता कळलं.

"आणि हे खरे पाहुणे," तो तरुण म्हणाला. दातांच्या भोवती आणि मध्येमध्ये गडद, गोल, पेनाच्या टोकाने टिंबं द्यावीत तसे ठिपके. लिम्फोसाइट्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्यातल्या बहुतेक टी-पेशी. "यांची इथे एवढी गर्दी असायचं काही कारण नाही." सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरातही एक छोटा पुंजका होता. त्या न्यूट्रोफिल्स, जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी. तिथे जिवाणू नव्हते. तरीही त्या कातडीचे सगळे थर ओलांडून वरच्या टरफलांत जाऊन बसल्या होत्या.

मी विचारलं, "मग त्या कुणाशी लढतायत?"

तो जरा थांबला. "तोच तर प्रश्न आहे."

याचं उत्तर मला नंतरच्या दोन वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळालं. काही डॉक्टरांकडून, काही स्वतः वाचून, काही प्रकाशोपचाराच्या खोलीबाहेर बाकावर बसून. ते माझ्या भाषेत सांगायचं तर मला आमच्या आठवीच्या वर्गात एकदा घडलेला प्रसंग सांगावा लागेल.

तास चालू होता. मागच्या कोपऱ्यातल्या बाकावरून कुणीतरी "साप!" म्हणून किंचाळलं. त्या बाकावरची पोरं उड्या मारून वर चढली. बाक करकरला. पुढच्यांना वाटलं, आवाज झाला म्हणजे साप पुढे आला. तीही चढली, ओरडली. त्या ओरडण्याने मागच्यांची खात्री पटली की पुढे काहीतरी नक्की आहे. शेजारच्या वर्गातली मुलं मदतीला धावून आली आणि दारात गर्दी करून तीही ओरडू लागली. शिपाईकाका काठी घेऊन आले, बाकाखाली वाकले आणि दप्तराचा काळा पट्टा बाहेर काढला. उंच धरून सगळ्यांना दाखवला. तरी पुढची पाच मिनिटं वर्ग शांत होईना. कारण एव्हाना ओरडायला पट्ट्याची गरज उरलीच नव्हती. ओरड्यालाच ओरडा पुरत होता.

सोरायसिसमध्ये हेच होतं. पट्ट्याचं काम कधी घशातला स्ट्रेप्टोकोकस जिवाणू करतो, कधी तारेचा ओरखडा, काहींच्या बाबतीत एखादं औषध. मनोविकारावरचं लिथियम आणि रक्तदाबावरची काही बीटा-ब्लॉकर औषधं यांचं नाव त्यात घेतलं जातं. घशातल्या जिवाणूचं एक प्रथिन आपल्या कातडीतल्या केराटिन या प्रथिनाशी काही ठिकाणी मिळतंजुळतं आहे. जिवाणूला ओळखायला शिकलेल्या टी-पेशी त्या साम्याने फसून कातडीवर जातात, असं मानलं जातं. माझे पहिले शिंतोडे घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी का आले, त्याची संगती अशी लागते. ओरखड्याची गोष्ट वेगळी. इजा झालेल्या पेशींतून डीएनए सांडतो. कातडीच्याच पेशी एलएल-37 नावाचं एक छोटं प्रथिन सोडतात, ते त्या डीएनएला चिकटतं. एरवी स्वतःच्या डीएनएकडे ढुंकून न पाहणाऱ्या पहारेकरी पेशी, म्हणजे डेन्ड्रिटिक पेशी, ही जोडगोळी पाहून विषाणू आला असं समजतात आणि इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा इशारा सोडतात. हे 2007 साली दाखवलं गेलं. वाचलं तेव्हा मी उठून दोन फेऱ्या मारल्या. दप्तराचा पट्टा! अगदी तोच.

पुढची साखळी अशी. जाग्या झालेल्या डेन्ड्रिटिक पेशी इंटरल्यूकिन-23 नावाचा निरोप सोडतात. तो मिळाला की टी-पेशींमधली एक जात, जिला टीएच-17 म्हणतात, चेकाळते आणि इंटरल्यूकिन-17 सोडू लागते. जोडीला टीएनएफ नावाचा दाह वाढवणारा निरोप असतोच. हे निरोप कातडीच्या पेशींपर्यंत पोचले की त्यांना वाटतं, भिंतीला भगदाड पडलंय, लवकर नव्या विटा हव्यात. त्या भराभर वाढू लागतात. इथपर्यंत एकेरी वाट आहे. पण कातडीच्या पेशी गप्प राहून नुसतं वाढत नाहीत, त्याही ओरडतात. न्यूट्रोफिल्सना बोलावणारी रसायनं सोडतात, आणखी टी-पेशींना हाका मारतात, आणखी एलएल-37 सोडतात. म्हणजे पुढचे ओरडले म्हणून मागचे, मागचे ओरडले म्हणून पुढचे. माझ्या तुकड्यातली टरफलांत बसलेली न्यूट्रोफिल्स ही शेजारच्या वर्गातून मदतीला आलेली पोरं.

मग ही प्रतिकारशक्ती कमी कुठे आहे? सोरायसिसच्या चट्ट्यांत, कातडी एवढी फुटलेली असूनही, जिवाणूंचा संसर्ग मानाने कमी होतो, कारण तिथे जिवाणू मारणारी प्रथिनं ओसंडून वाहत असतात. ढालवाल्याची किती चैन होती बघा.

आत्याचा भागही यात आहे. या आजाराशी जोडलेलं सगळ्यात ठळक जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतं, एचएलए-सीडब्ल्यू6. पेशीच्या आतला माल टी-पेशींपुढे कसा मांडायचा, हे त्याचं काम. मांडणीत थोडा फरक पडला तर आपलंच काहीतरी परकं वाटू शकतं. पण हे जनुक असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, आणि एकसारख्या जुळ्यांतही एकाला होऊन दुसरा सुटतो. आत्याने मला फार तर पट्टा दिला असेल. किंकाळी माझी.

डॉक्टरांनाही हे सगळं नेहमीच ठाऊक होतं असं नाही, हे कळल्यावर मला का कोण जाणे बरं वाटलं. 1841 साली व्हिएन्नामध्ये फर्डिनांड हेब्रा यांनी सोरायसिस हा कुष्ठरोगाहून वेगळा आहे हे ठामपणे मांडलं, तोवर दोन्हींची गल्लत व्हायची. त्यापुढेही शंभरेक वर्षं हा कातडीचाच आजार समजला गेला: पेशी वाजवीपेक्षा जोरात वाढतात, बस्स. 1951 मध्ये सांधेदुखीच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध देताना त्यांच्यातल्या काहींचा सोरायसिस निवळला. त्यातून पुढे मेथोट्रेक्सेट आलं. हे औषध वाढणाऱ्या पेशींना रोखतं, म्हणून त्याच्या गुणाने उलट जुन्या समजुतीलाच बळ मिळालं. मग 1979 मध्ये, पुन्हा सांधेदुखीच्याच रुग्णांत, सायक्लोस्पोरिनने चट्टे गेल्याचं दिसलं. सायक्लोस्पोरिन हे मूत्रपिंड बदललेल्यांना देण्याचं औषध. त्याचा रोख टी-पेशींवर. म्हणजे दोष वाढणाऱ्या पेशींचा कमी आणि त्यांना वाढा म्हणून सांगणाऱ्यांचा जास्त. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणातूनही हेच समोर आलं. दुसऱ्याच आजारासाठी निरोगी माणसाची मज्जा मिळालेल्या काहींचा सोरायसिस गेला आणि सोरायसिस असलेल्या दात्याची मज्जा मिळालेल्या काहींना तो नव्याने झाला. कातडी तीच, पहारेकरी बदलले.

मी मात्र तेव्हा इतिहासात नव्हते, एका उभ्या कपाटात होते. प्रकाशोपचाराचं ते कपाट आतून नळ्यांनी भरलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, आठवड्यातून तीन वेळा. 311 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. पहिल्या दिवशी काही सेकंदच, मग दर वेळी थोडं वाढवत. तो प्रकाश कातडीच्या वरच्या थरातल्या टी-पेशींना आत्मघात करायला लावतो, हे तिथल्या बाकावर एका निवृत्त गृहस्थांनी मला सांगितलं. त्यांचं ते तिसरं आवर्तन होतं आणि ते या विषयात डॉक्टरेट केल्यासारखे बोलायचे. तीन महिन्यांत पाठ आणि पोट साफ झालं. कोपर हटेना. सहा महिन्यांनी सगळं हळूहळू परत.

मग मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "फक्त बुधवार" असं लाल पेनाने लिहून खाली दोन रेघा मारल्या, कारण चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. मूल होऊ द्यायचं नाही हेही बजावलं, तो प्रश्न माझ्यापुरता मिटलेला होता. गुरुवारी मळमळायचं, वर्गात बसून शिकवायचे. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. चट्टे निम्म्याहून कमी झाले. दीड वर्ष बरं चाललं आणि मग यकृताचे आकडे चढू लागले.

त्याच सुमाराला एका सकाळी उजव्या हाताची तर्जनी पेरापेरांतून न सुजता सलग, मुळापासून टोकापर्यंत फुगलेली होती. खडू धरवेना. मी म्हटलं, लिहून लिहून झालं असेल. डॉक्टरांनी बोट पाहिलं आणि चेहरा बदलला. नखातले खड्डे त्यांनी पहिल्या दिवशी का पाहिले होते, ते आता कळलं. नखाचा सोरायसिस आणि सांध्यांचा सोरायसिस यांचं सख्य असतं. शंभरातल्या तीसेक जणांत हा आजार सांध्यांवर जाऊ शकतो. तिथेही साप नसतो आणि ओरडा मात्र हाडं झिजवतो. झिजलेलं हाड कातडीसारखं भरून येत नाही. इतके दिवस मी "दिसतं कसं" याच्या मागे होते. त्या बोटाने माझी घाई वेगळ्या दिशेला लावली.

इंटरल्यूकिन-17 लाच पकडणारं इंजेक्शन सुचवलं गेलं, सेक्युकिनुमॅब. आधीच्या औषधांनी सगळ्या वर्गाला गप्प बसवलं होतं. हे त्यातल्या एकाच आवाजाला धरतं. त्याआधी तपासण्यांची रांग: कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, क्षयासाठी रक्ताची चाचणी. क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ. म्हणजे जिवाणू कधीतरी शरीरात शिरलाय आणि माझ्या पहाऱ्याने त्याला कोंडून ठेवलंय, आजार नाही. मला हसू आलं आणि रडूही. माझी बदनाम प्रतिकारशक्ती एका कोपऱ्यात किती मुकाट्याने, किती नेमकं काम करत होती! पहारा सैल करायचा तर आधी त्या कोंडलेल्याचा बंदोबस्त हवा. मेथोट्रेक्सेट बंद झालं, क्षयाच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, आणि महिनाभराने पहिलं इंजेक्शन.

पेनासारखं उपकरण असतं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, गार टोचलं तर झोंबतं. टोपण काढायचं, मांडीवर काटकोनात टेकवायचं. काटकोन म्हटल्यावर नर्स हसून म्हणाली, "हे तुम्हाला शिकवायला नको." दाबलं की एक टकटक, खिडकीत हिरवी पट्टी सरकते, दुसरी टकटक, पट्टी थांबेपर्यंत हलायचं नाही. असे दोन, एका वेळी. पहिले पाच डोस दर आठवड्याला, मग महिन्याला. तिसऱ्या आठवड्यात खडू धरता आला. दुसऱ्या महिन्यात पोटरीवरची तारेची रेघ गेली. चौथ्या महिन्यात मी लहान बाह्यांचा सदरा घालून वर्गावर गेले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचा थोडा रागच आला.

फुकट काही नसतं. इंटरल्यूकिन-17 शरीरात उगाच ठेवलेलं नाही, कॅन्डिडा बुरशीला रोखण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पाचव्या महिन्यात जिभेवर पांढरा थर आला. औषध चघळलं, गेला. एका आवाजाला धरलं की त्याची खरी हाकही बंद होते.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. कातडी स्वच्छ दिसली तरी ती रिकामी नसते. जुन्या चट्ट्याच्या जागी काही टी-पेशी ठाण मांडून राहतात. रक्तात फिरत नाहीत, तिथेच राहतात, आणि त्यांना सगळं आठवतं. 2004 मध्ये एक प्रयोग झाला होता. सोरायसिसच्या रुग्णांची, चट्टा नसलेली, दिसायला निरोगी कातडी अशा उंदरांवर लावली, ज्यांची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जवळजवळ नव्हती. बाहेरून काहीही न टोचता काही आठवड्यांत त्या कातडीवर सोरायसिस उमटला. जे काही लागतं ते कातडीत आधीपासून राहायला आलेलं होतं. मला आठवीचा तो वर्ग आठवला. पट्टा सापडल्यावर, सगळे हसल्यावर, परीक्षा होऊन गेल्यावरही मागच्या कोपऱ्यातल्या बाकावरची मुलं वर्षभर पाय वर घेऊन बसायची. बाकी वर्ग विसरला होता.

गेल्या महिन्यात मला ताप आला, घसा धरला. अंगात संसर्ग असताना इंजेक्शन घ्यायचं नाही म्हणून डोस पुढे ढकलला. अँटिबायोटिकचा कोर्स, विश्रांती, त्यात मध्ये परीक्षेचे पेपर तपासणं. एकूण साडेतीन आठवडे उशीर झाला. परवा रात्री पेपर तपासताना डाव्या हाताने उजवं कोपर सहज चाचपलं. नाण्याएवढी जागा खरखरीत लागली. दिव्याखाली धरून पाहिलं. पहिला चट्टा आला होता तीच जागा, तोच लांबट गोल, खालच्या कडेला तीच खाच.

घसा आता बरा होता. डॉक्टरांनी सकाळीच हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी दोन्ही पेनं फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवली, अर्ध्या तासाचा गजर लावला आणि पुढचा पेपर ओढला.